देश तसा अर्ज

बडोद्याहून परदेशी गेलेल्या माणसांना विमानाने नेलं, हा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. त्यांना आमच्या सासऱ्यांनी पाठवलं. विमानाचं काम त्यानंतरचं, निव्वळ हमालीचं. दांडिया बाजारातल्या आपल्या दोन खोल्यांत, जगाच्या भल्यामोठ्या नकाशासमोर टांगलेल्या झोपाळ्यावर बसून त्यांनी ज्याचा बायोडेटा एकदा हातात घेतला, तो माणूस समुद्र ओलांडून गेलाच म्हणून समजावं. आणि हे सगळं करणारा गृहस्थ स्वतः उभ्या जन्मात दोनदा मुंबईला गेलेला, तोही दोन्ही वेळा तिथलं पाणी मानवलं नाही म्हणून ठरल्याआधीच परत आलेला. करजणला त्यांची एक चुलत बहीण राहत असे. तासाभराचा रस्ता, पण तिच्याकडे जायचं झालं तरी ते आदल्या दिवसापासून पिशवी भरत आणि आळीतल्या सगळ्यांचा निरोप घेऊन निघत.

सासरे आमचे भूगोलाचे मास्तर. मराठी शाळेत त्यांनी बडोद्याच्या दोन पिढ्यांना नद्या आणि पर्वत पाठ करायला लावले. नाईलचा उगम ज्याला सांगता येत नसे त्याला ते तास संपेपर्यंत नकाशापुढे उभं करत आणि बोटाने नदीकाठ चालायला लावत. ते निवृत्त झाले आणि देशाने आपली दारं जगाला उघडली, या दोन गोष्टी साधारण एकाच सुमारास घडल्या. पहिलीची दखल वर्तमानपत्रांनी घेतली नाही एवढंच. घरोघरी फोन आले, रस्त्यारस्त्यावर एसटीडीची पिवळी बूथं उभी राहिली, आणि ज्या पोरांना ऑस्ट्रेलिया कुठे आहे ते दाखवता येत नव्हतं तीच पोरं ऑस्ट्रेलियाला जायचं म्हणू लागली. त्यातलं एक पोरगं वाट चुकून म्हणा किंवा जुनी भीती अंगात होती म्हणून म्हणा, आपला बायोडेटा घेऊन मास्तरांकडे आलं. मास्तरांनी तो वाचला आणि विचारलं, "हा कोणत्या देशासाठी आहे?" पोरगं म्हणालं, "सर, बधा माटे. सगळ्यांसाठी एकच." मास्तरांनी कागद उलटा करून पाहिला. मग म्हणाले, "राजस्थानात आणि केरळात एकच पीक लावशील का?" त्या दिवसापासून त्यांचा धंदा सुरू झाला. धंदा म्हणायचं ते केवळ सवयीने. फी म्हणून ते फक्त परदेशातून आलेलं एक टपालाचं तिकीट मागत, आणि तेही पोचल्यावर.

लोक म्हणतात देश तसा वेश. आमचे सासरे म्हणत, देश तसा अर्ज. त्यांच्या मते प्रत्येक देश हा एक ऐकणारा माणूस असतो आणि त्याला आपलं आयुष्य कुठून ऐकायला आवडतं हे आधी ओळखावं लागतं. "खोटं एक अक्षर लिहायचं नाही," हे ते पहिल्यांदा बजावत. "पण पाहुण्याला पहिला घास कशाचा वाढायचा, हे यजमानाला कळलं पाहिजे." रविवारी सकाळी पोरं येऊन ओट्यावर बसत. एकेकाला आत बोलावलं जाई. आत गेल्यावर आधी परीक्षा. ज्या देशाला जायचं त्याची राजधानी, हवामान, मुख्य नद्या. जर्मनीला निघालेल्या एका पोराने गंगेसारखी एक नदी तिथून वाहते एवढंच सांगितलं तेव्हा त्याला नकाशातली ऱ्हाईन पाठ करून पुढच्या रविवारी यायला सांगितलं गेलं. परीक्षेत पास झालं की झोपाळा हलू लागे. झोपाळा पुढे गेला की बायोडेटात एक ओळ वाढे, मागे आला की एक ओळ गळे. समोर टाईपरायटरवर बसलेली त्यांची मुलगी, म्हणजे पुढे माझी बायको झालेली मेधा, हे ऐकून टाईप करत असे. मेधाला अजूनही हलणाऱ्या वस्तूकडे बघत टाईप करता येतं.

आखाती देशांबद्दल त्यांचं मत असं होतं की तिथे माणूस एकटा येत नाही, आपलं घराणं घेऊन येतो. तेव्हा अर्जात वडिलांचं नाव, धर्म, लग्न, मुलंबाळं, गाडी चालवायचा परवाना, पासपोर्टचा तपशील, सगळं व्यवस्थित यायला हवं आणि वर फोटो हवाच. करजणचा एक फिटर दुबईसाठी फोटो घेऊन आला होता. स्टुडिओवाल्याने त्याच्या मागे हिरवागार धबधब्याचा पडदा लावलेला. मास्तरांनी फोटो लांब धरून पाहिला. "बाळ," ते म्हणाले, "ज्यांच्याकडे पाण्याचा थेंब नाही त्यांना तू धबधबा दाखवतोस. हे टोमणा मारल्यासारखं होतं." फिटर बिचारा परत जाऊन निळ्या पडद्यापुढचा फोटो काढून आला. त्याला नोकरी लागली. ती निळ्या पडद्यामुळे लागली असं मी म्हणणार नाही, पण करजणचा तो स्टुडिओवाला मात्र अजून तसंच सांगतो.

अमेरिकेची तऱ्हा उलटी. तिथे एकच पान, फोटो नाही, वय नाही, जात-धर्म नाही, आणि बापाचं नाव तर मुळीच नाही. प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टर्समधले एक गृहस्थ यावरून भांडायलाच आले होते. आयुष्य वर्कशॉपमध्ये घालवलेलं, पोटाला चिमटा घेऊन मुलाला इंजिनियर केलेलं. "सर, मी याला शिकवलं आणि माझंच नाव खोडलंत?" त्यांचा आवाज ओट्यापर्यंत येत होता. सासऱ्यांनी त्यांना झोपाळ्यावर शेजारी बसवून घेतलं, चहा पाजला आणि म्हणाले, "अहो, आपल्याकडे मुलगा नोकरीला लागतो तेव्हा सगळं घर नोकरीला लागतं. तिथे तो एकटाच लागणार आहे. त्याला आत्तापासून सवय होऊ द्या." गृहस्थांनी कप खाली ठेवला. जाताना मात्र सासऱ्यांनी त्यांना तोच बायोडेटा वडिलांच्या नावासकट वेगळा टाईप करून दिला, घरी ठेवायला.

अमेरिकेसाठी आणखी एक अडचण असे, ती नम्रतेची. आपली पोरं काही केलेलं असलं तरी "थोडाफार हातभार लावला" असं लिहीत. हे वाक्य सासऱ्यांना भातातल्या खड्यासारखं टोचे. एका मुलाने कारखान्याच्या नव्या विभागाची वायरिंग केली होती आणि लिहिलं होतं, 'वायरिंगच्या कामात सहभाग'. सासऱ्यांनी विचारलं, "किती जण होतात?" "दोघे." "कोण कोणाला सांगत होतं?" "मीच सांगायचो, सर. तो नवो हतो." "मग तू काम सांभाळलंस. तेच लिही." मुलगा संकोचून म्हणाला, "सर, फुशारकी वाटेल." सासरे म्हणाले, "खरी गोष्ट मोठ्याने सांगितली म्हणून तिची फुशारकी होत नाही. हळू सांगितली तर अटलांटिकच्या पलीकडे ऐकू जात नाही, हे मात्र होतं."

जर्मनीचा अर्ज म्हणजे त्यांचं खरं प्रेम. तिथे आयुष्यातला एक महिनाही रिकामा राहता कामा नये. शाळेपासून कालपर्यंत सलग हिशेब, सगळ्या प्रमाणपत्रांच्या प्रती, आणि शेवटी गावाचं नाव, तारीख आणि सही. एका मुलाच्या आयुष्यात एक सबंध उन्हाळा आणि एक पावसाळा बेपत्ता होता. "काय करत होतास?" तो मान खाली घालून म्हणाला, "कंई नहीं, सर. घरीच." सासरे असल्या उत्तरावर विश्वास ठेवत नसत. काही न करता माणूस आठ महिने जगूच शकत नाही, असा त्यांचा सिद्धांत. खोदून खोदून विचारल्यावर निघालं की त्या काळात मुलाचे मामा आजारी होते आणि त्यांचं पाणीगेटचं फरसाणाचं दुकान हाच चालवत होता. सासऱ्यांना इतका आनंद झाला की झोपाळा भिंतीला आपटला. फरसाणाचं दुकान सन्मानाने अर्जात गेलं. ब्रिटनसाठी तर ते माणसाचे छंद उकरून काढत. 'वाचन, संगीत, प्रवास' असं कोणी लिहिलं की विचारत, "शेवटचं काय वाचलंस?" मग पोरगं नकाशाकडे बघू लागे. एका मुलीला कसलाच छंद सापडेना. शेवटी कळलं की उत्तरायणला, म्हणजे संक्रांतीला, गच्चीवरून तिने कापलेल्या पतंगांमुळे आसपासची पोरं तिला वचकून असतात. ते त्यांनी जसंच्या तसं लिहिलं. मुलाखतीत साहेबाने अर्धा वेळ मांजाला काच कशी लावतात हेच विचारलं म्हणे.

माझी आणि त्यांची ओळख अशाच एका बायोडेटावरून झाली. माझे वडील जळगावकडून रेल्वेत नोकरीला आलेले, मी प्रतापनगरात वाढलो आणि शहराबाहेरच्या एका रसायनांच्या कारखान्यात नोकरीला लागलो. लग्नाचं वय झालं तशी आईने माझी माहिती एका कागदावर लिहून चार ठिकाणी पाठवली. मेधाच्या घरून तो कागद लाल शाईने तपासून परत आला. उंची, रंग, गावाकडची शेती यांना त्यांनी हात लावला नव्हता. शिक्षणापाशी मात्र समासात लिहिलं होतं: 'चार वर्षांचा अभ्यासक्रम पाच वर्षांत. मधलं एक वर्ष कुठे आहे?' आईने कपाळाला हात लावला. मी सरळ पोस्टकार्ड घेतलं आणि लिहिलं की गणितात नापास झालो होतो. उलट टपाली बोलावणं आलं. पुढे मेधाने सांगितलं की तोवर आलेल्या सगळ्या स्थळांना त्यांनी असाच काहीतरी खोडा घालून पाहिला होता, आणि नापास झालो असं कबूल करणारा मी पहिलाच निघालो. गणिताने माझं एवढं भलं करावं याची मला कल्पना नव्हती.

लग्नानंतर दोन वर्षांनी सासूबाई गेल्या. सासरे एकटे पडले, पण तसं म्हणायची कोणाला सोय नव्हती, कारण रविवारी ओटा भरलेलाच असे. मेधा आता टाईप करायला नसे, म्हणून ते रावपुऱ्यातल्या एका सायबर कॅफेत जाऊन तिथल्या मालकाला तोंडी सांगत आणि तो कॉम्प्युटरवर टाईप करी. झोपाळ्याशिवाय त्यांना सुचत नाही हे पाहून त्या भल्या माणसाने त्यांच्यासाठी फिरती खुर्ची ठेवली. एकदा आम्ही जेवायला गेलो असताना मी चाचरत विषय काढला, की आमच्या कारखान्यातले लोक कॅनडाला चाललेत आणि मीही अर्ज करावा म्हणतोय. मेधा त्यांची एकुलती एक. मला वाटलं, घास त्यांच्या हातातच राहील. ते म्हणाले, "कॅनडा चांगला. गुण देऊन माणसं घेतो. मास्तरांना शोभणारा देश आहे." आणि जेवून हात धुतल्याबरोबर त्यांनी माझ्या आयुष्याची चौकशी सुरू केली. इतर पोरांना महिनोन् महिने लटकवणाऱ्या त्या माणसाने माझा अर्ज एका दुपारीत पुरा केला, आणि त्यात मी इतका बरा दिसत होतो की वाचून मलाच माझ्याबद्दल आदर वाटला. मेधाला राग आला. "बाबा, आम्ही जावं असं वाटतंय का तुम्हाला?" ते म्हणाले, "अर्ज लिहिणाऱ्याने ते बघायचं नसतं गं." परतताना स्कूटरवर मेधाने माझा खांदा नेहमीपेक्षा घट्ट धरला होता.

आम्ही गेलो. दोन हिवाळे गेले आणि मेधाला दिवस राहिले. डॉक्टरांनी जानेवारीची तारीख दिली. बातमी कळवायला फोन केला तेव्हा सासऱ्यांनी एवढंच विचारलं, "तिथे तेव्हा उणे किती असतं?" आणि मग जाहीर केलं, "मी येतो. बाळंतपण मी करणार." पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. मुलीला माहेरी येता येत नसेल तर माहेराने तिच्याकडे जावं, आणि माहेर म्हणून आता ते एकटेच उरले होते, असा तो सरळ हिशेब. मेधा फोनवर हसली आणि मग फोन ठेवून रडली. आई नाही ही गोष्ट तिला त्या महिन्यांत फार जाणवत होती. तिला कोणीतरी आपलं माणूस जवळ हवं होतं, आणि जगात तसं माणूस एकच होतं.

तिकडे बडोद्यात मास्तरांचं शिक्षण सुरू झालं. शेजारच्या कोकिलाबेन या त्यांच्या गुरू. त्यांचं पहिलं मत प्रतिकूल होतं. "मास्तर, सुवावड कंई भूगोळ छे?" त्या म्हणाल्या, आणि सुवावड, म्हणजे बाळंतपण, हे पुरुषाचं काम नाही हे त्यांना परोपरीने समजावलं. पण जन्मभर पाठांतर करून घेतलेला माणूस स्वतःही पाठांतराला पक्का. डिंक किती तळायचा, अळिवाची खीर कधी द्यायची, बाळंतशोपा कशा भाजायच्या, कोकिलाबेनचं काटलूं म्हणजे बाळंतिणीचे मसाल्याचे लाडू कसे वळायचे, हे सगळं त्यांनी घोकलं. चादरीची गुंडाळी करून तिला ते पायांवर घेत आणि तेल लावायचा सराव करत. एकदा रविवारच्या पोरांपैकी कोणी आत डोकावलं, तर मास्तर एका चादरीला न्हाऊ घालत होते. पोराने न्यूझीलंडला जायचा बेत म्हणे महिनाभर पुढे ढकलला.

या सगळ्या धामधुमीत त्यांनी व्हिसाचा अर्ज भरला. जगाचे अर्ज लिहिणारा माणूस, त्याला काय कोणाला विचारायचं, म्हणून आम्हीही निश्चिंत. नोव्हेंबरात नकार आला. त्यांनी अर्जाची प्रत मला फॅक्स केली तेव्हा मी ती वाचून खालीच बसलो. येण्याचं कारण: मुलीचं बाळंतपण करणे. मग त्याखाली कामांची तपशीलवार यादी, जर्मन काटेकोरपणाने: स्वयंपाक, बाळाची आंघोळ, मालीश, घरकाम. भारतात तुमच्या मागे कोण आहे? उत्तर: कोणी नाही. पत्नी वारली. एकुलती एक मुलगी तुमच्या देशात आहे. कॅनडाच्या साहेबाने ते वाचून जो अर्थ काढला तो कोणीही काढला असता. हा म्हातारा इथे बिनपगारी कामाला येतोय आणि परत जाणार नाही. दुसऱ्यांच्या बाबतीत पाहुण्याला पहिला घास कशाचा हे ओळखणाऱ्या माणसाने स्वतःच्या बाबतीत सगळं ताट एकदम पुढे ओतलं होतं. मी फोन केला तर म्हणाले, "प्रश्न सरळ होता. मी सरळ उत्तर दिलं." आणि थोडं थांबून, "मेधाला सांगितलंत का?" सांगितलं होतं. ती दोन दिवस जेवली नव्हती.

पुन्हा अर्ज करायला वेळ थोडा होता. तो मी लिहायचा ठरवला. फोनकार्डं विकत आणली आणि त्यांच्यासमोर बसणाऱ्या पोरांना ते जसे विचारत तसं त्यांनाच विचारू लागलो. "बाबा, बडोद्यात तुमचं काय काय आहे?" "काही नाही, जावईबुवा." "काही नाही असं असतच नाही. रविवारी कोण येतं?" "पोरं येतात." "तुम्ही नसलात तर?" "येतील आणि ओट्यावर बसून जातील." हे मी लिहून घेतलं. शाळेतल्या भूगोल स्पर्धेचे प्रश्न कोण काढतं? तेच. केव्हा? जूनमध्ये, शाळा उघडल्यावर. पेन्शन? दर महिन्याला. घर? सासूबाईंच्या नावावरून त्यांच्या नावावर झालेलं. "तुमच्यावाचून कोणाचं अडतं का?" "छे, कोणाचं अडणार?" तेवढ्यात मागून कोकिलाबेनचा आवाज आला, "केम कोईनुं नहीं? मारी चावी कोण राखे छे?" गेली कित्येक वर्षं त्यांच्या घराची दुसरी किल्ली सासऱ्यांच्या खुंटीला होती आणि आठवड्यातून एकदा तरी त्या स्वतःला बाहेर कोंडून घेत. मी लिहिलं: शेजाऱ्यांच्या घराची जबाबदारी. ते म्हणाले, "ही फुशारकी झाली." मी म्हणालो, "किल्ली कोण सांभाळतं?" "मी." "मग झालं तर." मला वाटलं कार्ड संपलं. मग ते हळू म्हणाले, "तुमच्या सासूबाईंची तुळस पण आहे. तिला रोज पाणी लागतं. पण ते लिहू नका." ते मी लिहिलं नाही. बाळंतपणाच्या जागी 'नातवंडाला भेटणे' आलं. खोटं एक अक्षर नव्हतं. शेवटी, स्वतःच्या सहीने, 'शाळा उघडायच्या आत मी परत येईन' असं त्यांनी लिहून दिलं आणि व्हिसा आला.

डिसेंबरात ते उतरले तेव्हा अंगावर तीन स्वेटर आणि वर कोकिलाबेनची शाल होती. बाळंतपण त्यांनी असं केलं की सासूबाईंनाही नाव ठेवायला जागा मिळाली नसती. मेधाला अळिवाची खीर, मला दटावणी आणि बाळाला तेल, हे रोज ठरल्या वेळी मिळे. घरी तपासायला येणारी नर्स त्यांचं न्हाऊ घालणं पाहून थक्क झाली आणि हे कुठे शिकलात म्हणून विचारती झाली. ते अभिमानाने म्हणाले, "कोकिलाबेन." तिला ते एखाद्या संस्थेचं नाव वाटलं असावं, कारण तिने स्पेलिंग विचारून घेतलं. बाहेर बर्फ पडत असे आणि आत ते बाळाला पायांवर घेऊन जगातल्या नद्या ऐकवत. नात त्यांच्याकडे टक लावून बघे. त्यांच्या वर्गात इतकं लक्ष कोणी कधी दिलं नव्हतं, असं ते म्हणाले. मेधा तर त्या महिन्यांत पुन्हा लहान झाली होती. सकाळी उठून तोंड धुवायच्या आधी ती स्वयंपाकघरात डोकावून ते आहेत ना बघून येई.

बर्फ वितळला तशी मेधाने मनाशी ठरवून टाकलं होतं. मुदत वाढवून मिळते, पुढे कायमचं राहायचीही सोय होते, तिने सगळे कागद आणून ठेवले. एका संध्याकाळी तिने ते त्यांच्यापुढे मांडले. "बाबा, आता इथेच राहा. तिथे तुमचं कोण आहे?" सासऱ्यांनी चष्मा लावला, कागद नीट वाचले, नीट घडी करून परत दिले. "अगं, जूनमध्ये शाळा उघडेल. मी लिहून दिलंय."

"ते अर्जापुरतं होतं बाबा."

"अर्जापुरतं मी कधी कोणाचं काही लिहिलं नाही." त्यांचा आवाज चढला नव्हता. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "जावईबुवा, तुम्ही विचारलंत तेव्हा मी काही नाही म्हणालो. मला खरंच तसं वाटत होतं. हिची आई गेल्यापासून दिवस ढकलत होतो झालं. तुम्ही एकेक विचारत गेलात, मी एकेक सांगत गेलो, आणि फोन ठेवल्यावर बघतो तर केवढं तरी निघालं. आता ते तसंच टाकून कसं चालेल?" मेधाने माझ्याकडे पाहिलं. मी बाळाचं दुपटं उगाचच सारखं करत बसलो. त्यांना थांबवायला काही बोलायची मला सोयच नव्हती, त्यांच्या परतण्याच्या बाजूचं सगळं मीच आधी लिहून बसलो होतो.

ते गेले त्या दिवशी सकाळी लवकर उठून त्यांनी नातीला तेल लावलं, न्हाऊ घातलं, आणि मग स्वतःचे कपडे केले. विमानतळावर मेधाच्या डोक्यावर हात ठेवला तो बराच वेळ काढला नाही. म्हणाले, "येईन पुन्हा. अर्ज जावईबुवा लिहितील." मग रांगेत उभे राहिले, पिशवी छातीशी धरून, करजणला निघाल्यासारखे. वळून पाहिलं नाही. परतताना गाडी मी चालवत होतो. हमरस्ता लागल्यावर मेधा खिडकीबाहेर बघतच म्हणाली, "तू इतका चांगला अर्ज कशाला लिहिलास?" मी आरशातून मागे पाहिलं. मागच्या सीटवर पोरगी गाढ झोपली होती, आणि सबंध गाडीभर तिच्या अंगाच्या तेलाचा वास येत होता.